कोन व्हतं तुन्हाजोडे?

दाईमायनं आधी हात चुलीपाशी शेकले. मग एरंडेलाचे दोन थेंब तळव्यांवर चोळले, डावा हात माझ्या ओटीपोटावर ठेवला आणि उजव्या हातानं बरगडीखाली काहीतरी चाचपू लागली. तापीच्या वाळूतलं टरबूज घेताना माणूस जसं दाबून, कान देऊन बघतो, तसं. डोळे मिटलेले. वय पंचाहत्तरच्या पुढं आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ते उघडे असते तरी फार फरक पडला नसता.

"डोकं वर शे," ती अहिराणीत म्हणाली. "फिरी अजून. टाईम शे."

माझ्या पिशवीत सोनोग्राफीची फाइल होती. त्यात 'ब्रीच' असं छापलेलं होतं आणि ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मूल पायाळू आहे एवढं जरी आईच्या कानावर गेलं असतं, तरी तिनं देव पाण्यात घातले असते. सातव्या महिन्यात चारातलं एखादं मूल असं डोकं वर करून बसलेलं असतं, दिवस भरेपर्यंत बहुतेक आपणहून फिरतात आणि शंभरात तीन-चारच तसेच राहतात, हे मी वाचून ठेवलं होतं. दाईमायनं काही वाचलं नव्हतं. तिनं पदराला हात पुसले आणि चहा मागितला.

ही २०१४ ची गोष्ट. सासर जळगावला, माहेर अमळनेर तालुक्यात, पांझरेच्या काठी. पहिलं बाळंतपण माहेरी हा नियम आमच्याकडे अजून कुणी मोडत नाही, म्हणून मी पोट घेऊन एसटीनं गावी आले होते. १९८७ साली मी जिथं जन्मले ती बाज अजून मागच्या खोलीत होती, तिच्यावर आता कांदे पसरलेले असायचे. माझी नाळ दाईमायनंच कापलेली. तिचं खरं नाव मला लग्नानंतर कळलं. गावाला ती दाईमायच.

कुठं करायचं, हा विषय रोज रात्री भाकरीबरोबर ताटात पडायचा. आईचं मत तालुक्याच्या गावातलं खासगी हॉस्पिटल, कारण तिथं चुलत बहिणीच्या सुनेचं झालं होतं. आप्पा म्हणायचे सरळ धुळ्याला सिव्हिलला न्या, तिथं सगळे डॉक्टर एका छताखाली. मोठी माय, म्हणजे माझी आजी, म्हणायची की एवढ्याशा गोष्टीला गाडी कशाला, दाई आहे ना. तिची अकरा बाळंतपणं याच घरात झाली होती. त्यातली चार मुलं गेली, हे ती हिशेबात धरत नसे.

आणि मी? मला मनातून दाईमाय हवी होती. हे मी कुणाला बोलले नाही, शिकलेल्या मुलीला ते शोभलं नसतं. पण तो शेकलेला हात एकदा पोटावर पडल्यावर दुसऱ्या कुणाचा हात नकोसा वाटत होता. जळगावला तपासताना डॉक्टरबाईंचे डोळे पडद्यावर असायचे आणि हातातला प्रोब गार. चांगल्या होत्या त्या, दोष देत नाही. बाहेर चाळीस बायका बसलेल्या असायच्या.

एका दुपारी ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तेव्हा मी विचारूनच टाकलं, तूच करशील का माझं? ती हसली नाही. शेंगा सोलत राहिली आणि मग एक गोष्ट सांगितली. तीही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी.

श्रावणातली रात्र. पांझरेला पूर. बाई तिसऱ्या खेपेची, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. मूल छान आलं, रडलंही. पण वार, म्हणजे नाळेचा आतला गोळा, पडेना. दाईमायला जे येत होतं ते सगळं तिनं केलं: पोट चोळलं, मूल छातीला लावलं, बाईच्याच वेणीचा शेंडा तिच्या तोंडात घातला, म्हणजे ओकारी येऊन जोर लागतो. वार आली, पण अर्धीच. आणि मग रक्त. पहिलं लुगडं भिजलं, दुसरं भिजलं. बैलगाडी जुंपली, नदीपर्यंत नेली. पाणी बघून बैलच पुढं जाईनात. तिसरं लुगडं दाईमायनं स्वतःचं सोडून दिलं होतं. उजाडेपर्यंत सगळे काठावर बसून राहिले. पाणी उतरलं तेव्हा गाडी परत फिरवली.

"पोरे आपलेआपले येतस," ती म्हणाली. "रगत मातर थांबत नही." मग म्हणाली, तू तालुक्याला जा. आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

आता मला माहीत आहे की त्या रात्री नदीच्या या काठावर काय नव्हतं. मूल बाहेर पडल्यावर मिनिटभरात मांडीत टोचायचं दहा युनिट ऑक्सिटोसिन. गर्भाशय त्यानं आवळतं आणि वार सुटलेल्या जागेवरच्या उघड्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. मूल छातीला लावलं की बाईचं शरीर हेच द्रव्य थोडंथोडं स्वतः तयार करतं, म्हणजे दाईमायचा तो उपाय अडाणी नव्हता, अपुरा होता. पोट चोळणंही बरोबरच. पण वारेचा तुकडा आत राहिला, तर तो काढायला भूल, टेबल आणि शिकलेला हात लागतो, अंगातलं गेलेलं रक्त भरून द्यावं लागतं. इंजेक्शनसुद्धा फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. गावात तेव्हा वीज दिवसातून किती तास यायची हे आप्पांना विचारा.

गावानं दाईला कसं वागवलं हेही इथंच सांगते, कारण दाईचे गोडवे गाणारे लेख हल्ली बरेच वाचनात येतात आणि त्यात हे नसतं. तिची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. रक्त, वार, मळलेल्या चिंध्या, हे सगळं 'विटाळाचं' काम, म्हणून ते तिच्याकडं. बाळंतिणीच्या खोलीत ती दहा दिवस हक्कानं वावरायची, पाचवीला तिला लुगडं-चोळी, नारळ आणि दोन पायली ज्वारी मिळायची, आणि खोली सारवून झाली की ती पुन्हा ओट्याखाली. बाळाला पहिला हात तिचा चालायचा, माठाला नाही. आमच्याही घरात हेच होतं. मोठी माय तिला चहा द्यायची तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. मी सातव्या महिन्यात गेले तेव्हाही तो कप फळीवर होता.

सरकारनं तिला एकदा शिकवलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दायांचं प्रशिक्षण झालं, तिथून पत्र्याची एक पेटी मिळाली. त्यातल्या पाच स्वच्छता ती अजून बोटांवर मोजून दाखवायची: हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. त्याआधी नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख. "आम्हाला काय माहीत," ती म्हणायची, मराठीत, कारण नर्सबाईसमोर ती मराठी बोलायला शिकली होती आणि त्या विषयावर आली की आपोआप मराठीत शिरायची.

हात धुण्यावरून आठवलं. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात दाया. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगानं कितीतरी जास्त बायका मरत आणि हे गावभर ठाऊक असल्यामुळे बायका दायांच्या विभागात घ्या म्हणून हातापाया पडत. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरनं कारण शोधलं. डॉक्टर मंडळी शवविच्छेदनाच्या खोलीतून तशाच हातांनी बाळंतिणीकडे येत होती. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं घटले, तरी त्याच्या वरिष्ठांना ते पटायला फार वर्षं गेली. हा किस्सा मी दाईमायला सांगितला तेव्हा तिला डॉक्टर मेलेल्या माणसाला का कापतात यातच जास्त रस होता.

तर मी तालुक्याला गेले. खासगी हॉस्पिटलात. मूल दाईमाय म्हणाली तसं फिरलं होतं, डोकं खाली. पहाटे कळा सुरू झाल्या आणि आम्ही सातला तिथं पोचलो. तपासून सांगितलं, गर्भाशयाचं तोंड दोन बोटं उघडलंय. एवढ्यावर घरी पाठवता आलं असतं, किंवा चाला, फिरा, खा म्हणता आलं असतं. मला कॉटवर उताणं निजवलं, हाताला सलाइन लावलं आणि त्यात कळांचं इंजेक्शन सोडलं. ते इंजेक्शन म्हणजे तेच ऑक्सिटोसिन. जे नदीकाठी एकीला हवं होतं ते मला नको असताना थेंबथेंब चालू होतं.

आईला दाराबाहेर बसवलं. खोलीत ट्यूबलाइट, भिंतीवर बाळाचं कॅलेंडर आणि मी. मधून मधून एक मुलगी यायची, विशीची असेल, सलाइनचा थेंब बघायची आणि जायची. तिला मी चार वेळा विचारलं, अजून किती? चारही वेळा ती म्हणाली, मॅडमना विचारते. कळ आली की मी कॅलेंडरच्या तारखा मोजायचे. एकदा मोजता मोजता ओरडले तर बाहेरून कुणीतरी म्हणालं, आता ओरडून काय उपयोग. ते वाक्य मी विसरलेले नाही.

संध्याकाळी साडेसातला डॉक्टर आले, ठोके ऐकले, कपाळावर आठी आली. बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल. आणि मग आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले ते मला दारातून ऐकू आलं: "भूलवाले डॉक्टर आत्ता इथं आलेत. ते इथून पुढं दुसऱ्या केसला जातील. रात्री दोनला लागले तर मी त्यांना कुठून आणू?"

या वाक्यावर मी इतकी वर्षं विचार करतेय. आधी राग होता. नंतर वाटलं, खोटं काय बोलला तो? तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एका हॉस्पिटलचा नसतो, तो दोन-तीन गावं करतो. स्त्रीरोगतज्ज्ञ एकटा, रात्रपाळीला दुसरा डॉक्टर नाही, रक्तपेढी दूर. अशा ठिकाणी वाट बघणं ही चैन असते. जिथं पहाटे दोनला पाच मिनिटांत थिएटर उघडतं तिथलाच डॉक्टर निवांत बसू शकतो. ठोके खरंच कमी झाले होते का? झाले असतील. दिवसभर सलाइनमधून कळा वाढवल्या की पोरालाही धाप लागतेच. म्हणजे आधी घाई केली म्हणून नंतर घाई करावी लागली का? मला माहीत नाही, आणि त्या कागदांवरून आता कुणी सांगूही शकणार नाही. मुलगी ठणठणीत आहे, सध्या शेजारच्या खोलीत पाढे म्हणतेय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे मी नंतर पाहिले. देशभरात खासगी दवाखान्यातल्या बाळंतपणांत सिझरचं प्रमाण ४७ टक्के, सरकारी दवाखान्यांत १४. त्या ४७ मधली सगळी उगाच केलेली, असं मी म्हणणार नाही. माझं कुठल्या खात्यात टाकायचं तेच मला ठरवता आलेलं नाही. दुसरा आकडाही त्याच पाहणीतला: महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. आणि राज्यात लाख जन्मांमागं मातामृत्यू ३३ वर आले, हा २०१८-२० चा हिशेब. त्या नदीकाठच्या बाईला दवाखान्यातल्या त्या ९५ जणींत जागा मिळाली असती. म्हणून दवाखाना नको, असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

तिसऱ्या दिवशी दाईमाय आली. एसटीनं, एकटी, फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू घेऊन. खालच्या माणसानं तिला अडवलं, दोनच पास होते आणि ते घरच्यांकडे. आई खाली गेली आणि स्वतःचा पास तिला देऊन पायरीवर बसली. हे आईनं केलं याचं मला आजही नवल वाटतं.

दाईमायनं बाळाला आधी पाहिलं नाही. माझ्या पोटावरची पट्टी पाहिली, टाके किती विचारलं. मग स्टुलावर टेकली.

"कोन व्हतं तुन्हाजोडे?"

माझ्याजवळ कुणी नव्हतं, मी म्हणाले. ती यावर काही बोलली नाही. बाळाचे तळपाय हातात घेऊन अंगठ्यानं चोळत बसली, बराच वेळ.

२०१७ साली माझ्या नणंदेचं बाळंतपण इंग्लंडात झालं, लीड्सला. फोनवर सासूबाई काळजीत, कारण पोरगी सांगत होती की डॉक्टर येणारच नाहीत, मिडवाइफ करणार. म्हणजे दाई? हो, दाईच. तीन वर्षांची पदवी घेतलेली दाई, १९०२ पासून तिकडं कायद्यानं नोंदणी करावी लागते अशी दाई. गरोदरपणात तपासायला तीच, कळांच्या वेळी तीच किंवा तिच्या जोडीची, आणि घरी गेल्यावर बाळ बघायलाही त्यांच्यातलीच कुणीतरी. निरोगी बाईनं दाईच्या केंद्रात बाळंत व्हायला हरकत नाही असं तिथल्या सरकारी मार्गदर्शनात २०१४ पासून लिहिलेलं आहे; पहिलटकरणीनं घरीच केलं तर मात्र बाळाला धोका थोडा वाढतो, तेही तितक्याच सरळपणे सांगतात. नणंदेचं केंद्र इस्पितळाच्याच इमारतीत होतं. काही बिनसलं असतं तर लिफ्टनं एक मजला वर. तिला पाण्यात बसू दिलं, चालू दिलं, नवऱ्याला पाठ चोळायला लावली.

सुट्टीत गावी गेले तेव्हा दाईमायला हे सगळं सांगितलं. ती खळखळून हसली, तोंडात एकच दात. "इतलं लांब जाईसन शेवट दाईच ना!"

आपल्याकडे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या गरीब बाईला सातशे रुपये, तिला घेऊन जाणाऱ्या आशाताईला मोबदला. योजना चांगलीच होती. दाईला मात्र कुणी काही सांगितलं नाही. किट येणं बंद झालं, बैठकीचं बोलावणं बंद झालं. ब्लेड गंजलं तेव्हा तिनं पेटीत मेथ्या भरल्या. तिच्या जागी दुसरी, जास्त शिकलेली दाई आली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. तशी कुणी आली नाही, तिची खुर्ची रिकामीच राहिली, ही माझी तक्रार आहे.

रिकामी म्हणतेय पण ते पूर्ण खरं नाही. उपकेंद्रातल्या आपल्या नर्सबाईला आपण एएनएम म्हणतो. त्यातला शेवटचा एम मिडवाइफचा आहे. जनरल नर्सिंग झालेल्या सिस्टरच्या नोंदणीतही नर्स आणि मिडवाइफ असे दोन्ही शब्द असतात. सरकारी केंद्रात साधं, नैसर्गिक बाळंतपण बहुतेक वेळा तीच करते, डॉक्टर सहीला. पण लसीकरण, सर्वेक्षण, रजिस्टरं आणि ऑनलाइन नोंदी यातून तिच्या त्या एमला वेळ कुठं मिळतो? २०१८ च्या शेवटी केंद्र सरकारनं नर्सना अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन स्वतंत्र मिडवाइफ तयार करायचं धोरण काढलं. माझ्या भागात अशी बाई मी अजून पाहिलेली नाही.

आणि कुठं जायचं हा प्रश्न पडायलासुद्धा रस्ता लागतो. नंदुरबारकडं, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात काही पाड्यांवर अजून गाडी पोचत नाही. बांबूला चादर बांधून झोळी करतात आणि चार माणसं बाईला खांद्यावर उतरवतात. म्हणून तिकडं काही आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' असतं, दिवस भरत आले की आधीच येऊन राहायचं. सरकारी योजनेला इतकं चांगलं नाव क्वचितच मिळतं.

गेल्या खेपेला, २०२३ मध्ये, भाचीची वेळ आली. थोरल्या बहिणीची मुलगी, शिरपूर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी. मावशी, कुठं करू? मी तिला सरळ उत्तर दिलं नाही, बहिणीला त्याचा राग आला. मी म्हटलं, जिथं जाशील तिथं विचार की रात्री भूलतज्ज्ञ कुठं असतो आणि रक्त लागलं तर कुठून येतं. कळांत चालू देतात का. जवळ कोण बसणार. आणि तुझं रक्त कमी असेल, प्रेशर १४०-९० च्या वर गेलं, मूल आडवं असेल, तर यातलं काहीच विचारू नकोस, मोठ्या दवाखान्यात जा. तिचं रक्त अकराच्या वर होतं, प्रेशर ठीक, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी निर्दोष, डोकं खाली. डॉक्टरांनीही तपासून हो म्हटलं. तिनं आरोग्य केंद्र निवडलं. कारण विचारलं तर म्हणाली, सिस्टर ओळखीची आहे.

मी असते तर निवडलं नसतं. माझं एकदा पोट फाडून झालंय, भीती तिथं शिवली गेली आहे. पण गेले.

सिस्टर पावरा समाजातली, तिशीची. आल्या आल्या तिनं भाचीला बाथरूमला पाठवलं, चहा-बिस्किट दिलं आणि मला आत घेतलं. सोबतीला एक बाई ठेवायला परवानगी आहे, म्हणाली, तुम्हीच बसा. पोटावर हात ठेवण्याआधी तिनं तो दुसऱ्या हातावर घासून गरम केला. मी बघत राहिले. दर अर्ध्या तासानं ठोके ऐकायची आणि कागदावर लिहायची. फ्रिज उघडून आत इंजेक्शन आहे का तेही दोनदा पाहिलं. मधेच बाहेर जाऊन केंद्राची गाडी आणि ड्रायव्हर जागेवर आहेत ना बघून आली.

कळ आली की भाची माझं मनगट धरायची. मी तिच्या माकडहाडाच्या वर तळहातानं दाबायचे. दाईमायनं सातव्या महिन्यात माझ्या पाठीत दाबलं होतं तिथं. तेव्हा ती जाऊन चार वर्षं झाली होती.

रात्री तीनच्या सुमारास मी विचारलं, अजून किती?

"वेळ आहे ताई," सिस्टर म्हणाली. "दोघींचं बरं चाललंय. चालू दे तिच्या मनानं." मग तिनं उठून ट्यूबलाइट बंद केली, कोपऱ्यातला छोटा दिवा तेवढा ठेवला आणि स्टूल ओढून कॉटजवळ बसली.